तीन मे : पोलंडचा राष्ट्रीय सण आणि वळिवड्याचे पाहुणे



या आठवड्यात मे महिना लागतो. १ मे हा आपला महाराष्ट्र दिन. त्याच दिवशी कामगार दिनही असतो आणि ख्रिस्तसभा कामगार संत योसेफ यांचे स्मरण करते. हा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केला. मे महिना पवित्र मरियेचा म्हणून संध्याकाळी आपली जपमाळ सुरू होईल. त्यानंतर येतो ३ मे. आपल्या उपासना-पंचांगात त्या दिवशी प्रेषित फिलिप व याकोब यांचा सण असतो. पोलंड देशात मात्र हा सण ६ मेला पाळतात, कारण ३ मे हा त्या देशाचा राष्ट्रीय सण आहे आणि तोच 'पोलंडची राणी पवित्र मरिया' हिचाही सण आहे.

कार्ल्यात बसून पोलंडची चौकशी आपण कशाला करायची, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की हा सण एके काळी आपल्या महाराष्ट्रातच, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी हजारो पोलिश लोकांनी साजरा केला आहे. दुसरे कारण आपल्या धर्मग्रामातल्या एका प्रश्नाशी निगडित आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

१. त्या दिवशी काय घडले?

अठराव्या शतकात पोलंड हा मोठा पण दुबळा देश होता. त्याच्या संसदेत एक विचित्र रिवाज होता. एकाच सभासदाने 'मला मान्य नाही' म्हटले की सगळा ठराव कोसळत असे. शेजारची बलाढ्य राज्ये एखाद्या सभासदाला पैसे चारून देशाचा कारभार बंद पाडीत. १७७२ साली रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडचा मोठा लचका तोडलाही होता.

तेव्हा काही शहाण्या लोकांनी ठरवले की आधी घर नीट करायचे. चार वर्षे चाललेल्या संसदेने ३ मे १७९१ रोजी वॉर्सा येथील राजवाड्यात नवी राज्यघटना मंजूर केली. राजा होता स्तानिस्लाव ऑगस्ट पोनियातोव्स्की. युरोपातील ही पहिली आधुनिक लिखित राज्यघटना समजली जाते. जगात तिच्या आधी अमेरिकेची घटना झाली होती. एका माणसाच्या नकाराने कायदा अडवण्याचा रिवाज या घटनेने मोडला. कायदे करणे, राज्य चालवणे आणि न्याय देणे ही तीन कामे तिने वेगळी केली. शहरवासीयांना हक्क दिले आणि शेतकऱ्यांना कायद्याच्या संरक्षणाखाली घेतले. कॅथलिक धर्माला तिने प्रमुख स्थान दिले, पण इतर धर्मीयांनाही उपासनेचे स्वातंत्र्य दिले.

घटना मंजूर होताच राजा व सभासद जवळच्या संत योहानाच्या मंदिरात गेले. तेथे शपथ झाली आणि देवाच्या उपकारस्तुतीचे गीत गायले गेले. उपकार मानण्यासाठी 'दैवी तरतुदीचे मंदिर' बांधू, असा संकल्पही संसदेने केला. त्याची कोनशिला पुढच्याच वर्षी ३ मेला बसली, पण लगेच युद्ध आले आणि काम थांबले. हे मंदिर अखेर ११ नोव्हेंबर २०१६ रोजी वॉर्सात खुले झाले. देवाला दिलेला शब्द फेडायला या राष्ट्राला सव्वादोनशे वर्षे लागली, पण ते तो विसरले नाही.

ती घटना मात्र जेमतेम वर्षभर टिकली. १७९२ साली रशियाचे सैन्य आत आले. १७९३ व १७९५ साली उरलेल्या देशाचीही वाटणी झाली आणि पोलंड नकाशावरून पुसला गेला. तो परत उगवला १२३ वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी. पुढच्याच वर्षी, १९१९ साली, नव्या संसदेने ३ मे हा राष्ट्रीय सण ठरवला. विचार करा, जी घटना वर्षभरही नीट चालली नाही, तिचा सण हे लोक करतात. लढाई जिंकल्याचा हा सण नव्हे. आपण न्यायाने एकत्र राहू शकतो हे एकदा तरी आपण कागदावर आणले होते, याची ती आठवण आहे.

२. मरिया राणी कशी झाली?

यासाठी आणखी मागे जावे लागते. १६५५ साली स्वीडनच्या फौजा पोलंडभर पसरल्या. चेन्स्तोहोवा येथील यास्ना गुरा या मठात मरियामातेची सावळ्या वर्णाची प्राचीन प्रतिमा आहे. त्या मठाला वेढा पडला, पण तो पडला नाही. त्यानंतर १ एप्रिल १६५६ रोजी राजा यान काझिमिएझ याने ल्वूफ शहराच्या कॅथेड्रलमध्ये मरियेच्या प्रतिमेसमोर गुडघे टेकले आणि तिला आपली व आपल्या देशाची राणी मानले. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. १९१८ नंतर देश पुन्हा उभा राहिला तेव्हा पोपमहोदयांच्या संमतीने १९२० च्या दशकात हा सण सगळ्या पोलंडमध्ये ३ मेला पाळला जाऊ लागला.

या शपथेचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. राजाने केवळ मुकुट अर्पण केला नव्हता. माझ्या राज्यात गरीब शेतकऱ्यांवर अन्यायाचे ओझे आहे, देशावर आलेले संकट ही त्याची शिक्षा असावी, म्हणून शांतता झाली की ते ओझे मी उतरवीन, असेही वचन त्याने दिले. शांतता झाली, वचन पाळले गेले नाही. पुढे १३५ वर्षांनी ३ मेच्या घटनेने शेतकऱ्यांना कायद्याचे छत्र दिले. पण वेठबिगारी तिनेही मोडली नाही.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की मरियेला राणी म्हणणे सोपे असते. तिच्या स्तोत्रातला अर्थ अंगी आणणे कठीण. एलिझाबेथच्या घरी मरियेने गायिलेले ते स्तोत्र संत लूक आपल्याला सांगतो. उपाशी माणसांना तृप्त करणारा आणि दीनांना वर उचलणारा देव ती गाते. जी राणी असे गाते, तिचा सण करणाऱ्याने आपल्या अंगणातल्या दीनाकडे बघायला नको का?

३. सण बंद, सण सुरू

सण हा सत्तेला किती बोचू शकतो तेही पोलंडमध्ये दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे कम्युनिस्ट राजवट आली. १९४६ साली ३ मेच्या जाहीर कार्यक्रमांना बंदी झाली. क्राकूफ शहरात विद्यार्थी तरीही मिरवणुकीने निघाले, तेव्हा पोलिसांनी ती मोडून काढली. १९५१ साली हा सण कायद्यानेच रद्द झाला आणि राष्ट्रीय दिवस म्हणून २२ जुलै ही तारीख लोकांच्या माथी मारण्यात आली.

झेंडे उतरले, पण मंदिराची घंटा कोणाला बंद करता आली नाही. मरियेचा सण म्हणून ३ मे चालूच राहिला. ३ मे १९६६ रोजी पोलंडच्या ख्रिस्तीकरणाच्या हजाराव्या वर्षानिमित्त यास्ना गुरा येथे अफाट समुदाय जमला. पोप सहावे पॉल यांना सरकारने येऊ दिले नाही, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली. त्या दिवशी क्राकूफचे महागुरू कारोल वोयतिला तेथे होते. पुढे तेच पोप दुसरे जॉन पॉल झाले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये आपल्या वसईला, मुंबईला व पुण्यालाही येऊन गेले. १९९० साली ३ मे पुन्हा राष्ट्रीय सण झाला.

आज तेथे १ मेला कामगार दिनाची सुट्टी, २ मेला ध्वजदिन आणि ३ मेला घटनेचा सण अशी तीन दिवसांची रांग लागते. घरोघरी वर पांढरा व खाली लाल असा झेंडा लागतो. वॉर्साच्या संत योहान कॅथेड्रलमध्ये मिस्सा होते, चौकात सैनिकांची मानवंदना होते आणि यास्ना गुराला यात्रेकरू जमतात. खेड्यांत मे महिन्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेच्या क्रुसापाशी किंवा मरियेच्या छोट्या देवळीपाशी बायामाणसे मरियेची लितानी गातात. हे वाचून वसई-मुंबईकडून आलेल्या आपल्या मंडळींना गावच्या क्रुसापुढची लदीन आठवेल. लोक इतक्या दूरचे, पण रीत ओळखीची.

४. वळिवड्याचे पाहुणे

आता महाराष्ट्रात येऊ. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड गिळला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना गुरांच्या डब्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान अशा भागांत नेण्यात आले. थंडी, भूक आणि सक्तीच्या मजुरीने कितीतरी दगावले. १९४१ साली हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पोलंडचे लंडनमधील निर्वासित सरकार व रशिया यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचले. त्यातल्या स्त्रिया व मुलांना कोठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांसाठी घर उघडले. आणि १९४३ साली कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या जवळ, वळिवडे येथे पोलिश वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला थोडी जागा, शाळा, इस्पितळ, नाट्यगृह, स्काउटची पथके आणि या सगळ्यांमध्ये एक चर्च. क्षयाच्या रुग्णांसाठी पाचगणीला सोय होती. १९४६ साली बालाचडीची मुलेही येथे आली.

या लोकांनी आपले धार्मिक व राष्ट्रीय सण वळिवड्यात पाळले. त्यात ३ मेची गोष्ट वेगळी, कारण त्या दिवशी देवळातला सण आणि देशाचा सण एकच. कोल्हापूरचा मे महिना कसा तापतो ते आपल्याला ठाऊक आहे. बर्फाच्या देशातून आलेली ती माणसे त्या उन्हात आपल्या राणीचे नाव घेत होती. आणि १९४६ साल पाहा. त्या वर्षी प्रत्यक्ष पोलंडमध्ये ३ मेची मिरवणूक पोलिसांनी मोडली, आणि त्या वेळी वळिवड्याची वसाहत अजून नांदत होती. जो सण मायदेशात करता येत नव्हता, त्याला मराठी मुलुखात मज्जाव नव्हता.

युद्ध संपले तरी यांना परतायला घर नव्हते. पूर्व पोलंड रशियाकडे गेला होता. १९४७-४८ मध्ये ही माणसे पांगली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला; काही पोलंडलाही परतले. जे येथेच वारले त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आहेत. आणि त्या रिकाम्या बराकींत कोण आले? फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी बांधव. तेच आजचे गांधीनगर, कापडाच्या बाजारपेठेसाठी सगळ्यांना माहीत असलेले. एका निर्वासिताने उबवलेली जागा दुसऱ्या निर्वासिताला मिळाली.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पाहुण्यांनी कृतज्ञतेने स्तंभ उभारला आहे. वॉर्सामध्येही वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. मुलांना हे जरूर सांगा, की दूर युरोपातील एका राजधानीत कोल्हापूरचे नाव दगडात कोरलेले आहे, आणि ते लढाईमुळे नाही, पाहुणचारामुळे आहे.

५. देशप्रेम : ऋण की पूजा?

ख्रिस्ती माणसाने देशावर प्रेम करावे का? संत थॉमस अक्वायनस यांनी याचे उत्तर नीट लावून दिले आहे. ते म्हणतात की आपण सर्वांत आधी देवाचे ऋणी आहोत, त्यानंतर आईवडिलांचे आणि जन्मभूमीचे. आईवडिलांची सेवा आणि देशाची सेवा हा एकाच सद्गुणाचा भाग. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही देशप्रेम हे कृतज्ञतेचे कर्तव्य मानतो. आपल्याकडे मातृऋण, पितृऋण हे शब्द घराघरात आहेत, म्हणून हा विचार आपल्याला परका वाटू नये.

पण ऋण आणि पूजा यांत फरक आहे. ऋण फेडणारा मनुष्य जाणतो की शेजाऱ्यालाही आई आहे आणि त्यालाही तिचे ऋण आहे. जो देशाची पूजा करू लागतो, त्याला दुसऱ्याची आई दिसेनाशी होते. म्हणून खऱ्या देशप्रेमाची एक सोपी परीक्षा आहे. माझे माझ्या मातीवरचे प्रेम मला दुसऱ्याच्या आठवणीचा मान ठेवायला शिकवते की नाही? कोल्हापूरकर या परीक्षेत उतरले. १९४३ साली आपणच पारतंत्र्यात होतो. तरी दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा सण आपल्या दारात होऊ दिला.

मरियाही कोणा एका देशाची नाही. पोलंडने तिला राणी म्हटले, आपणही १५ ऑगस्टला तिच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्य दिन एकाच दिवशी करतो. मिस्सा आणि झेंडावंदन यांपैकी एक निवडावे लागत नाही. सकाळी झेंड्याला वंदन करून आलेला मनुष्य वेदीपुढे अधिक ख्रिस्ती असतो आणि वेदीपासून गेलेला मनुष्य गावात अधिक चांगला नागरिक असावा, हीच अपेक्षा.

६. आपल्या बाकांवरचा प्रश्न

आता आपल्या घरचे. गेल्या दोनेक वर्षांत कार्ले-मळवली भागात बंगल्यांची कामे वाढली आणि त्या कामांवर झारखंड-ओडिशाकडची काही कॅथलिक कुटुंबे आली. रविवारी ती मागच्या बाकांवर बसतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांच्यातला एक गवंडीकाम करणारा भाऊ मिस्सेनंतर आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, पंधरा नोव्हेंबरला आमचा झारखंड दिन आणि बिरसा मुंडांची जयंती. जवळच्या रविवारी एक गाणे आमच्या सादरीत म्हणू का?"

आम्ही म्हणालो, "बघू."

आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय ते सर्वांना कळते. त्यालाही कळले. त्या रविवारी ती मंडळी आली, मागे बसली आणि न गाता गेली. त्याने पुन्हा विचारले नाही. हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही येथे कबूल करतो.

धर्मग्राम समितीत हा विषय निघाला, तेव्हा काहींनी भीती बोलून दाखवली. आज सादरी, उद्या मल्याळम, परवा आणखी काही. मग आमची मराठी मिस्सा राहणार कोठे? ही भीती खोटी नाही. मराठीत प्रार्थना करण्याचा मान मराठी ख्रिस्ती माणसाला सहज मिळालेला नाही, आणि ती भाषा जपणे आपले कामच आहे. परंतु वळिवड्यात पाच हजार माणसांनी पाच वर्षे पोलिश भाषेत प्रार्थना केली म्हणून कोल्हापूरची मराठी उणी झाली नाही. एका गाण्याने आपलीही होणार नाही.

शिवाय आपण कार्ल्याचे आहोत हे विसरू नका. डोंगरावरच्या लेण्यांत चैत्यगृहाचे खांब आहेत. त्यांतील काही खांबांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक, असे अभ्यासक मानतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगराने परक्याचा खांब आपल्या छताखाली घेतला. तो खांब आजही छताखाली उभा आहे.

अंतिम न्यायाच्या दिवशी प्रभू आपल्याला काय विचारणार, ते संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात लिहिलेले आहे. त्या यादीत परक्याला घरात घेतले की नाही, हा प्रश्न आहे. आपल्या भाषेची परीक्षा त्या यादीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. १ मेला झेंडावंदनानंतर आपण सभागृहात दरवर्षीप्रमाणे चहा व शिरा करतो. या वर्षी त्या कुटुंबांना प्रत्येकाने आपल्या शेजारी बसवून घ्यावे. ३ मेच्या जपमाळेतील एक दशक त्यांना त्यांच्या भाषेत सांगू द्यावे. आणि नोव्हेंबरातील त्या रविवारच्या गाण्याबद्दल पुढील रविवारी मिस्सेनंतर समितीने मोकळेपणे बोलून ठरवावे. ज्यांना हरकत आहे त्यांनीही यावे व बोलावे. त्यांचे ऐकले जाईल. आमच्यापुरते उत्तर आता 'बघू' नाही, 'हो' आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१) राजाने मरियेला मुकुट दिला, पण गरिबांना दिलेले वचन पाळले नाही. माझ्या भक्तीत असे न पाळलेले वचन कोणते?

२) माझे आईवडील किंवा आजीआजोबा या गावात बाहेरून आले तेव्हा त्यांना कोणी जागा दिली? त्यांचे नाव घरातल्या मुलांना माहीत आहे का?

३) आपल्या मागच्या बाकावर बसणाऱ्या एका तरी कुटुंबाचे नाव मला सांगता येईल का?

प्रार्थना

हे मरियामाते, लहानग्या येशूला घेऊन तू परक्या मिसर देशात राहिलीस. तुझी भाषा तेथे कोणाची नव्हती. घरापासून दूर असलेल्या सर्वांना तुझ्या पदराखाली घे. आमच्या महाराष्ट्राला व भारत देशाला न्याय आणि शांती मिळवून दे, आणि आमच्या दारी आलेल्याला 'बघू' म्हणून परत न पाठवण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.

आपले धर्मगुरू